फिरत जा, म्हणजे किती?

शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका कोणाला आहे हे ओळखायला आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात एक प्रश्न आहे: आठवड्यातून किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? हो म्हटलं तर शून्य गुण, नाही म्हटलं तर एक. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा, वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातले आजार यांचे गुण त्यात मिळवायचे, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. आमच्या विदर्भात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदायला जाणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारला की ती आधी आशाताईच्या तोंडाकडे बघते आणि मग हसते. आठवड्याची दीडशे मिनिटं तिची सोमवारी सकाळीच संपतात. शून्य गुण.

महिनाभराने तीच बाई माझ्यासमोर स्टुलावर बसलेली असते. शुगर वाढलेली, गुडघे धरलेले, पोट सुटलेलं पण मांड्या काटकुळ्या. मी गोळ्या लिहितो आणि कागद तिच्याकडे सरकवता सरकवता म्हणतो, "रोज फिरत जा मावशी."

"आता साहेब, वावरात काय मी बसून राह्यतो? सांजलोक वाकून वाकून कंबर मोडते अन् तुमी म्हणता फिरत जा."

फॉर्म म्हणतो हिची हालचाल भरपूर, डॉक्टर म्हणतो कमी. ती दिवसभर नेमकं काय करते, किती वेळ वाकलेली असते, जमिनीवरून उठताना कशाचा आधार घेते, हे दोघांपैकी कोणीच विचारलेलं नाही.

मी तालुक्याच्या गावी वीस-बावीस वर्षं दवाखाना चालवतो. माझ्या लेटरपॅडच्या तळाशी छापलेलं आहे: नियमित व्यायाम करावा. छापखानेवाल्याने सुचवलं, मी हो म्हटलं. त्या ओळीमुळे एकाही माणसाची शुगर उतरल्याचं मला आठवत नाही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन लिहिताना मी ५०० मिलिग्रॅम, दोन वेळा, जेवणानंतर, एक महिना, असं सगळं लिहितो. व्यायाम लिहिताना मात्र कुठला, किती, कधी, कोणाच्या देखरेखीखाली, केव्हा थांबायचं, यातलं काहीच लिहीत नाही. 'औषध घेत जा' एवढंच लिहून एखाद्या डॉक्टरने रोग्याला वाटेला लावलं तर त्याला आपण काय म्हणू?

व्यायाम हे डॉक्टरच्या लेखी दुय्यम औषध असतं तर ही हयगय चालून गेली असती. पण तसं नाही. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवलं. आपल्याच देशात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खाणं आणि चालणं सुधारणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते २६.४ टक्क्यांनी घटलं. म्हणजे दोन्ही औषधं तोडीस तोड. पण एक मी मात्रेसकट लिहितो आणि दुसरं उपदेश म्हणून तोंडी देतो.

मात्राही कोणी लपवून ठेवलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ती नव्याने सांगितली: प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. आमच्या फॉर्मने यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. ताकद आणि तोल गळून गेले, आणि विदर्भातल्या कष्टकरी बाईला गरज आहे ती नेमकी या दोहोंची.

निंदणं म्हणजे तासन्‌तास उकिडवं बसून पुढे सरकणं. वेचणी म्हणजे कमरेला ओटी बांधून, ती जड होत जाते तसं अधिकाधिक पुढे झुकत जाणं. धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, रोवणीला घोटाभर चिखलात दिवसभर ओणवं. यात हृदयाला दम लागेल इतकं जोराचं काही नाही आणि शरीराला विसावा मिळेल इतकं हलकंही काही नाही. तोच सांधा, तोच स्नायू, तीच दिशा, आणि थांबायचं केव्हा हे ठरवणार मुकादम. डेन्मार्कचे संशोधक आंद्रेयास होल्टरमन यांनी या कोड्यावर बरंच काम केलं आहे. फावल्या वेळातली हालचाल हृदयाला जपते, पण पोटासाठीची दिवसभराची अंगमेहनत तसं करतेच असं नाही, कधी उलटही होतं. यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि त्यातला किती भाग गरिबीचा आणि किती कामाचा हे सोडवणं अवघड आहे. पण आमच्या ओपीडीत बसणाऱ्या कोणालाही तो मुद्दा परका वाटणार नाही. या बाईला आणखी पावलं नकोत. तिला मांडीचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारी पंधरा मिनिटं हवीत, कंबर उलट दिशेने ताणायला कोणी शिकवायला हवं, आणि काही दिवस तर सक्तीची विश्रांतीच लिहून द्यायला हवी.

तिचा नवरा वेगळाच रोगी. पूर्वी डवरणीला, म्हणजे पिकातलं तण काढायला, बैलांमागे माणूसही दिवसभर चालायचा. आता तणनाशक आलं, ट्रॅक्टर आला, सोयाबीनला हार्वेस्टर आला, वावरात जायला मोटरसायकल आली. सकाळी धुऱ्यावर चक्कर, दुपारी घर, संध्याकाळी पानठेला. हातात वहाणा घेऊन बाजाराला चालत जाणारा शेतकरी आपल्या डोक्यातून निघत नाही, म्हणून खेड्यात व्यायामाचं काय काम, असं आपण बिनदिक्कत म्हणतो. महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या लोकांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ग्रामीण भागातली निम्मी माणसं पुरेशी हालचाल न करणारी निघाली होती. गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' या संस्थेने मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा सर्वांत वर पक्षाघात होता. एकाच घरात एकीची झीज आणि दुसऱ्याचा गंज. दोघांनाही माझा सल्ला एकच: फिरत जा.

यावर सरळ उत्तर असं दिसतं की डॉक्टरांनी नीट सल्ला द्यावा. मला ते पटत नाही, आणि आमच्या धंद्याची बाजू घेऊन बोलतोय असं वाटलं तरी हरकत नाही. सकाळच्या ओपीडीत शंभर माणसं असतात. शिवाय, खरं सांगायचं तर, मला येत नाही. एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांत मला कोणी व्यायाम कसा शिकवावा हे शिकवलं नाही. गुडघेदुखीत मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचा हे मला माहीत आहे. पण जाडजूड पातळ नेसलेल्या, लाजणाऱ्या, कधी कवायत न केलेल्या बाईकडून ते करवून कसं घ्यायचं, पहिल्या आठवड्यात दुखलं तर काय बदलायचं, हे वेगळं कसब आहे. शाळेतला पीटीचा मास्तर ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतो.

मग मास्तरच का नाही? कारण उलटीकडून पाहिलं तर तिथेही खड्डा आहे. काही वर्षांपूर्वी मी एका रोग्याला पहाटे उठून भराभर चालायला सांगितलं. गडी मनापासून ऐकणारा. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन, चहासुद्धा न पिता तो निघाला आणि दोन किलोमीटरवर कालव्याच्या काठी घाम येऊन पडला. शुगर खाली गेली होती. दूधवाल्याने पाहिलं म्हणून निभावलं. ती चूक माझी होती. गोळीची वेळ, न्याहारीची वेळ आणि चालण्याची वेळ या तिन्ही गोष्टी एका कागदावर आणणारं कोणी नव्हतं. मास्तरने सांगितलं असतं तर त्याला गोळीची माहिती नव्हती. मला गोळी माहीत होती, पण तो किती चालणार आहे ते मी विचारलं नव्हतं.

अशा जागा पुष्कळ आहेत. बीपीची काही औषधं नाडीचा वेग दाबून ठेवतात. नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवणारा प्रशिक्षक तिथे फसतो. अशा माणसाला साधी कसोटी द्यावी: चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. बीपी १८०-११० च्या वर असेल तर आधी बीपी, मग व्यायाम. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला इजा झालेल्याने श्वास कोंडून वजन उचलायचं नाही. ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे त्याने काळ्या मातीच्या ढेकळांतून अनवाणी हिंडायचं नाही. हिमोग्लोबिन सातवर आलेल्या बाईला व्यायाम सांगणं हा तर छळच, तिला आधी लोह. आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. पाणी कमी, ऊन जास्त, त्यात एकदम जोराचा दम, की त्या रोग्याच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून बसतात आणि असह्य कळा सुरू होतात. नुसत्या वाहक असलेल्या तरुणांनाही अतिश्रमात जिवाचा धोका संभवतो, हे अमेरिकी सैन्यातल्या नव्या जवानांच्या पाहणीतून १९८७ साली पुढे आलं होतं.

आमच्याकडे पहाटे साडेचारला राज्य महामार्गाच्या कडेला कोण पळत असतं? पोलीस भरतीची पोरं. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. तालुक्याच्या प्रत्येक गावी दोन-तीन अकॅडम्या आहेत. त्या पोरांपैकी किती जणांजवळ सिकलसेलचं कार्ड आहे आणि ते त्यांच्या सरांनी पाहिलं आहे का? त्यामुळे डॉक्टरने व्यायामवाल्यावर उपकार करायचे असा हा मामला नाही. देणंघेणं दोन्हीकडून आहे.

आणि व्यायामवाला माणूस विदर्भात शोधायला जावं लागत नाही, ही या साऱ्यातली मजेची गोष्ट. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकाने जगाला आपले देशी खेळ करून दाखवले होते. शारीरिक शिक्षणाची पदवी, म्हणजे बीपीएड, घ्यायला देशभरातून पोरं अमरावतीला येतात. बाकी जिल्ह्यांतही बीपीएडची महाविद्यालयं झाली. त्यातून बाहेर पडलेल्या तरुणांचं पुढे काय होतं? प्राथमिक शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक क्वचितच. मग कोणी अकॅडमी काढतो, कोणी कृषी केंद्रात बसतो, कोणी स्वतःच भरतीला उभा राहतो. दुसरीकडे वर्ध्याजवळ सावंगी मेघेला फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, आणि त्याच जिल्ह्यात सेवाग्रामला असं वैद्यकीय महाविद्यालय आहे जिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. सामान सगळं घरात आहे, फक्त चूल पेटलेली नाही.

ती पेटत नाही कारण बीपीएड शिक्षक-शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत, म्हणजे शिक्षण खात्याकडे. फिजिओथेरपी २०२१ च्या कायद्याने आलेल्या आयोगाकडे, म्हणजे आरोग्य खात्याकडे. योगशिक्षक आयुषकडे. कागदावर तिघेही लोकांचं शरीर सुधारतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायरीवर तिघांची गाठ पडत नाही. त्यात आम्ही डॉक्टर. २०२५ च्या सप्टेंबरात फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉ.' लावावं की नाही यावरून केंद्रात पत्र निघालं आणि लगोलग मागे घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत आमच्या व्हॉट्सअॅप गटावर जेवढी चर्चा झाली तेवढी पक्षाघाताच्या रोग्याला गावात कोण चालवणार यावर वर्षभरात झाली नसेल. मीही त्यात दोन मेसेज टाकले होते, हे कबूल करतो.

माझं म्हणणं साधं आहे. दोन भागांची चिठ्ठी असावी. वरच्या भागात डॉक्टरने लिहायचं: आजार कोणता, गोळ्या कोणत्या आणि कधी, काय करायचं नाही, कोणती लक्षणं दिसली की थांबवून माझ्याकडे पाठवायचं. खालच्या भागात व्यायाम करवून घेणाऱ्याने लिहायचं: काय दिलं, किती दिवस आले, कुठे दुखलं, तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता आलं. आणि हा खालचा भाग महिन्याने माझ्या टेबलावर परत यायचा. जीव आहे तो या परतण्यात. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलेल्या रोग्याचा कागद परत येत नाही म्हणून आम्ही कुरकुरतो, आणि व्यायामासाठी तर आम्ही कोणाला कुठे पाठवतच नाही.

न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून डॉक्टर 'हिरवी चिठ्ठी' देतात आणि क्रीडासंस्थेचा माणूस त्या रोग्याच्या मागे लागून राहतो, फोन करतो, विचारपूस करतो. तिकडचं तसंच्या तसं इकडे लागू होईल असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये अशा योजनांचा अनुभव संमिश्र आहे. २०१४ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने सांगितलं की नुसत्या बैठ्या, पण एरवी धडधाकट माणसांना अशा योजनेत धाडण्यावर सरकारने पैसे घालू नयेत. मला ते बरोबर वाटतं. आपणही सुरुवात आजारी माणसांपासून करावी: शुगर, बीपी, गुडघे-कंबर, पक्षाघातातून उठलेले. आणि अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाया. गडचिरोलीतल्या दोन गावांत स्त्रियांची तपासणी झाली आणि ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, हे १९८९ सालीच जगापुढे आलं. ओझं उचलणाऱ्या बाईला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणं हे पीटीच्या सरांचं काम नव्हे. तिथे फिजिओथेरपिस्टच हवी, आणि बाईच हवी. महिन्यातून दोनदा आरोग्य केंद्रात आली तरी पुष्कळ.

गावात मात्र रोजचा माणूस बीपीएडवाला, किंवा वाली. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, योगसत्रं होणं अपेक्षितच आहे, त्याच वेळेत हे बसतं. जागा झेडपीच्या शाळेची किंवा समाजमंदिराची. साहित्य म्हणाल तर एक प्लास्टिकची खुर्ची, भिंत, आणि पाणी भरलेली पाच लिटरची कॅन. मानधन हजेरीवर नव्हे, परत आलेल्या चिठ्ठ्यांवर. बायांसाठी बचतगटाच्या बैठकीला जोडून घ्यावं, कारण पहाटे रस्त्याने एकटी बाई फिरायला निघाली की आधी कुत्री भुंकतात आणि मग शेजारीण विचारते, "मोठी फिराले निघाली व!" दोन्हीचा चावा सारखाच.

चिठ्ठी हंगामाप्रमाणे बदलायला हवी, हे पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शक तत्त्वांत कधी सापडणार नाही. सोयाबीनची सोंगणी आणि पहिली वेचणी सुरू असताना बाईला संध्याकाळी दहा मिनिटं पाठ मोकळी करणं आणि पाय भिंतीला लावून पडणं, एवढंच. ताकदीचं काम फेब्रुवारी-मार्चनंतर, वावर रिकामं झाल्यावर. मोहफूल वेचायला जाणाऱ्यांची पहाट तेव्हाही मोकळी नसते, त्यांना संध्याकाळ. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळी सातनंतर कोणालाही बाहेर चालायला सांगणाऱ्या डॉक्टरलाच आधी दुपारी चालवून बघावं.

धोके मला दिसतात. चिठ्ठी म्हटलं की आमच्या धंद्यात कट येतो. पाठवणाऱ्याला टक्केवारी मिळू लागली की वर्षभरात गावोगावी 'वैद्यकीय फिटनेस सेंटर'चे फ्लेक्स लागतील. प्रोटीनचे डबे विकले जातील, आणि एखादा उत्साही सर 'गोळी बंद करून टाका' असंही सांगेल. म्हणून हे सरकारी आरोग्य केंद्रातून सुरू व्हावं आणि शारीरिक शिक्षणाच्या पदवीवर आजाऱ्यांसाठीचं काही महिन्यांचं प्रशिक्षण, तेही रुग्णालयात, बंधनकारक असावं. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: कापसाला भाव नाही, बाईची मजुरी वाढत नाही, आणि तुम्ही तिला खुर्चीवरून उठ-बस करायला सांगता? उठ-बस केल्याने मजुरी वाढत नाही, हे खरं. पण मजुरी वाढायची वाट पाहत असताना गुडघा थांबत नाही, आणि गुडघा गेला की मजुरीही जाते.

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या गावच्या एका भरतीवाल्या सरांना अकरा रोगी दिले. अकरा जणांवरून काही सिद्ध होत नाही, आणि त्यातले चौघं दुसऱ्या आठवड्यातच गळाले. सर म्हणाले, "डाक्टरसाहेब, पोरं पळवनं सोपं हाय, मावशीले खुर्चीवरून उठवनं कठीन." सुरुवातीची मावशीही त्या अकरांत होती. महिन्याने तिची चिठ्ठी परत आली. वहीच्या पानावर, निळ्या पेनाने: 'सुरुवातीला ३० सेकंदांत ४ वेळा. आता ९. मध्ये दोन दिवस गुडघा दुखला म्हणून बंद. तिसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आल्या. शुगरची गोळी घेतल्यावर जेवायला उशीर होतो असं म्हणतात, वेळ बदलता येईल का?'

मी वेळ बदलून दिली.